पंपावरचा टॉवेल

तीन मार्चला, सोमवारी दुपारी, मिस्त्रीने व्हॅनच्या इंजिनातला डिझेलचा पंप खोलून नव्याने बसवल्याचं बिल मामाच्या हातात दिलं : अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. मामाने ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गॅरेजपासून लाँड्रीपर्यंतच्या दहा मिनिटांत तीनदा खिसा चाचपला. आकडा वाटेत कमी होणार नव्हता. पण ताईसमोर कागद ठेवताना चेहरा कसा ठेवायचा, याची तयारी करायला तेवढा वेळ हवाच होता.

ताई ही मामाची सख्खी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, आणि लाँड्रीची मालकीण. काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून ती शर्टांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. तिने बिल वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

"एवढ्यात माझं एक जुनं मशीन बदलून झालं असतं."

"मशीन चादरी घेऊन हॉस्पिटलात जात नाही, ताई."

"ही तरी कुठे जाते? जाते आणि तिथेच बसते. पाहुण्यासारखी." तिने गल्ला उघडला, नोटा मोजल्या आणि पाकीट मामापुढे सरकवलं. "देऊन ये मिस्त्रीला. पण हे शेवटचं. आता ही कुठे अडून बसली, तर मी तिला विकणार आणि महिन्याच्या भाड्याने गाडी लावणार. भाड्याच्या गाडीला त्यांचाच ड्रायव्हर येतो, हे तुला माहीत आहे."

मामाला माहीत होतं. मग त्याची जागा काउंटरवर, चिठ्ठ्या टाचायला.

मामा सत्तावन्न वर्षांचा. ताईची दोन मुलं त्याला मामा म्हणायची, त्यांचं ऐकून इस्त्रीवाले म्हणू लागले, इस्त्रीवाल्यांचं ऐकून गिऱ्हाइकं. हॉस्पिटलच्या फाटकावरचा वॉचमन त्याच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा असेल, तोसुद्धा "या मामा" म्हणूनच फाटक उघडत असे. लाँड्रीत येण्यापूर्वी मामाचं फोटोंच्या फ्रेमा बनवायचं दुकान होतं. काम असं सुबक, की चौकटीच्या कोपऱ्यातून नख जायचं नाही. पण एका चौकटीला दीड दिवस लागायचा आणि भाव मात्र शेजारच्या दुकानाइतकाच. आठ वर्षांनी दुकान बंद झालं, तेव्हा ताई म्हणाली, "सहा महिने माझी व्हॅन चालव, मग बघू." त्या सहा महिन्यांना आता एकवीस वर्षं झाली होती आणि बघायचं दोघांपैकी कुणालाच आठवलं नव्हतं.

घाई न जमणाऱ्या माणसाला हे काम अंगच्या शर्टासारखं बसलं. सकाळी साडेसहाला निघायचं, ठरलेल्या अकरा ठिकाणी धुतलेले गठ्ठे द्यायचे, मळके घ्यायचे. पाठीशी इस्त्रीच्या चादरींची ऊब, समोर ओळखीचे रस्ते. दोन लॉज, चार सलून, एक वसतिगृह, एक जिम, दोन दवाखाने आणि सातव्या नंबरावर मोठं हॉस्पिटल, जिथे रोज एकशे चाळीस चादरी जात. प्रत्येक दारात दोन वाक्यं बोलायची, दोन ऐकायची. एकदा मनगट मुरगळलं म्हणून मामा दोन आठवडे काउंटरवर बसला होता. तेव्हा मामीने शेवटी हात जोडले. "अहो, लवकर बरे व्हा आणि गाडीवर जा. तुम्ही घरी येऊन बोलतच नाही. मला घर खायला उठतं."

एवढी साधी गोष्ट होती. मामाला व्हॅन चालवायची होती. बाकी त्याचं कशावाचून अडत नव्हतं.

व्हॅनचं दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. सकाळी थंड असताना ती चावी फिरवताच बोलायची. बंद करून लगेच सुरू केली तरी बोलायची. पण तापलेलं इंजिन बंद करून वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली, की संपलं. सेल्फ गरगर फिरायचा, बॅटरी दमायची, व्हॅन काही उठायची नाही. तासाभराने, थंड झाली की, जणू काही घडलंच नाही अशी सुरू. त्यामुळे मामाने तिला बंद करणंच सोडलं. लॉजच्या दारात, सलूनच्या दारात ती घरघरत उभी राहायची आणि तो धावतपळत गठ्ठे टाकून यायचा. अकरापैकी दहा ठिकाणी हे खपलं. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये खपणार नव्हतं, कारण वर वॉर्डाच्या खिडक्या होत्या आणि खाली ठसठशीत पाटी होती : इंजिन बंद ठेवा. शिवाय चादरी मोजून द्यायला-घ्यायला तिथे पंचवीस मिनिटं लागतच. म्हणजे नेमकी तिला हवी तेवढी.

डिझेल भरायला थांबलेल्या एका ट्रकवाल्याने मग युक्ती सांगितली. "डिझेलच्या पंपावर ओलं फडकं टाका, पाच मिनिटांत उठेल." व्हॅनचं इंजिन दोन सीटांच्या मधेच, झाकणाखाली. झाकण उचललं की पंप हाताशी. मामाने करून पाहिलं आणि व्हॅन खरंच उठली. त्या दिवसापासून सीटमागे एक झाकणाची बादली आली आणि तिच्यात एक भिजलेला टॉवेल. लाँड्रीत विरलेल्या टॉवेलांना काय तोटा? हॉस्पिटलला पोचलं की टॉवेल पंपावर, चादरी मोजून झाल्या की चावी.

दोन वर्षं असं चाललं. मग पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मामाने मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. मिस्त्री आणि मामा एका वयाचे, अरेतुरेतले. मिस्त्रीने व्हॅन तापवली, अर्धा तास उभी ठेवली आणि सेल्फ मारताना मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहिलं. धुराची रेषही नाही.

"धूर असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही असं म्हटलं असतं," तो म्हणाला. "इथे पोचतच नाही."

मग त्याने मगभर गार पाणी पंपावर ओतलं आणि पुन्हा चावी फिरवली. व्हॅन सुरू.

"पंप झिजलाय. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून आतल्या आत निसटतं, दाबच तयार होत नाही. पाणी टाकलं की डिझेल घट्ट होतं, मग चालतं. तू इतके दिवस काय करत होतास?"

"ओलं फडकं टाकत होतो."

"तेच ते. पंप खोलावा लागेल."

पंप खोलला, झिजलेले भाग बदलले, बिल झालं, ताईने दिलं. मिस्त्रीने निघताना बजावलं, "आता ते फडकं फेकून दे." मामाने मान डोलावली.

आणि फेकलं नाही.

त्याचा मिस्त्रीवर अविश्वास होता असं नाही. पण दोन वर्षं पोर्चमध्ये चावी फिरवताना देवाचं नाव घेतलेला माणूस एका बिलाने बरा होत नाही. चार मार्चला सकाळी त्याने स्वतःला समजावलं, आजचा दिवस टाकू, उद्यापासून बंद. पाच मार्चला पुन्हा तसंच. बादली आता सीटमागे मळक्या चादरींखाली गेली, एवढाच फरक. तीन आठवडे व्हॅन एकदाही अडली नाही. ताई खूश, मिस्त्री खूश. मामाही खूश होता, फक्त टॉवेल टाकताना आजूबाजूला पाहून घेत होता.

पंचवीस मार्चला, मंगळवारी, टॉवेल टाकूनही व्हॅन उठली नाही. मामाने टॉवेल पुन्हा भिजवून टाकला. पुन्हा सेल्फ मारला. मागे एक ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. रिकामीच होती, पण तिच्या ड्रायव्हरला नाश्त्याला जायचं होतं, आणि भुकेल्या माणसाचा हॉर्न जास्त वाजतो. शेवटी वॉचमन आणि दोन वॉर्डबॉय यांनी व्हॅन ढकलून भिंतीला लावली.

"मामा," वॉचमन घाम पुसत म्हणाला, "चादरी आम्ही उचलतो, त्या ठीक आहेत. ही जरा जड पडते."

हॉस्पिटलच्या ऑफिसातून ताईला फोन गेला. मामा लाँड्रीत पोचला तेव्हा ती चिठ्ठ्या टाचत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"शनिवारी अकरा वाजता एक माणूस येतोय," ती म्हणाली. "व्हॅन घेऊन जाईल आणि सोमवारपासून भाड्याची गाडी लावेल. मी काही तुझ्यावर रागावून करत नाहीये. हॉस्पिटलचं काम गेलं तर निम्मी लाँड्री गेली."

"मिस्त्रीला एकदा दाखवतो."

"दाखव. पण माझ्याकडे बिल आणू नकोस."

मिस्त्रीने ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. तीस वर्षांत त्याने बसवलेला पंप परत आला नव्हता. बुधवारी तो लाँड्रीत येऊन व्हॅन तपासून गेला, पण थंड व्हॅन शहाण्या मुलासारखी चावीसरशी उठली.

"हिची नाटकं तू असतानाच चालतात," तो म्हणाला. "उद्या मी तुझ्याबरोबर फेरीला येतो. अडते तिथेच धरतो तिला."

गुरुवारी सकाळी मिस्त्री हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला, म्हणजे जवळजवळ इंजिनावरच. मामाने रोजच्यासारखी अंगणात बादली भरली आणि मिस्त्रीचं लक्ष नसताना चादरींखाली सरकवली. पहिल्या लॉजपासून वसतिगृहापर्यंत मिस्त्री मजेत होता. सलूनवाल्याने त्याच्या टकलाकडे पाहून "तुमचं काही काम निघणार नाही" म्हटलं, त्यावर तोही हसला. मामाचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो मनात हिशेब करत होता, की मिस्त्रीला चहाला पाठवता येईल का.

मिस्त्री चहाला गेला नाही. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये इंजिन बंद झालं, तसा तो पायरीवर बसला आणि घड्याळ पाहत राहिला. मामा चादरी मोजत होता आणि तीनदा चुकला. पंचवीस मिनिटांनी मिस्त्री म्हणाला, "मार सेल्फ."

सेल्फ जोरात फिरला. व्हॅन उठली नाही. सायलेन्सरमधून धूर नाही.

आणि मामाचा डावा हात, त्याला न विचारता, सीटमागे चादरींखाली गेला.

"काय शोधतोयस?" मिस्त्रीने चादर बाजूला केली. झाकण उचललं. टॉवेलाकडे पाहिलं, मग मामाकडे. "हे कुणासाठी?"

मामाने बोटाने पंपाकडे दाखवलं.

"पंप बसवल्यानंतरही?"

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून."

मिस्त्री पायरीवर परत बसला. त्याने पिशवीच्या बंदाला गाठ मारली आणि सोडली. "म्हणजे मी पेशंट बरा करून घरी पाठवला आणि तू तीन आठवडे त्याला सलाईन लावून बसलास. मग तो चालतोय माझ्या औषधाने की तुझ्या, हे कळणार कसं?"

"चुकलं माझं," मामा म्हणाला. "तुझ्या कामावर संशय नव्हता. मला भीती वाटायची."

"ते मी हात लावायच्या आधी सांगायचं असतं." पण आवाजातली धार गेली होती. त्याने बादली जवळ ओढली, पाण्यात दोन बोटं बुडवली, आणि सवयीने बोटं चोळून नाकाशी नेली. डिझेल असो की पाणी, मिस्त्री हुंगल्याशिवाय सोडत नसे. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे पाणी कुठलं?"

"अंगणातल्या टाकीतलं. व्हॅनच्या दारापाशीच आहे ती. पांढऱ्या चादरी भिजत घालतो तिथलं."

"ब्लीचचं?"

"ब्लीच, सोडा. दोन्ही असतं. पाणी ते पाणी."

"दोन वर्षं हेच?"

"नळ पार मागे आहे," मामा म्हणाला, आणि बोलता बोलता त्यालाच काहीतरी उमगू लागलं.

मिस्त्री उठला. झाकण उघडून त्याने पंपाच्या डोक्यावरचा अंगठ्याएवढा पितळी तुकडा दाखवला. ती विजेवर चालणारी छोटी झडप, सोलेनॉइड. चावी फिरवली की ती उघडते आणि डिझेल सोडते, चावी काढली की बंद. तिच्याकडे एक वायर येत होती, टोकाला रबराची टोपी. "फडकं गुंडाळून त्यावर बोट ठेव. मी चावी फिरवतो. आत टक्‌ लागेल."

चावी फिरली.

"लागली?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही रे. मेल्यासारखी गप्प आहे."

मिस्त्रीने पिशवीतून वायरचा एक तुकडा काढला, एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं झडपेला टेकवलं.

"आता?"

"लागली. चिमटा काढल्यासारखी."

"हे टोक तसंच धरून ठेव." मिस्त्रीने सेल्फ मारला. पाव फेरा झाला असेल नसेल, व्हॅन उठली. टॉवेल बादलीतच होता. मामा झाकणावर वाकलेला, एका हाताने वायर धरून, आणि त्याचा चेहरा असा झाला की वॉचमनही फाटक सोडून बघायला आला.

मिस्त्रीने मग जुनी वायर मागून कापली, टोपी काढली आणि चाकूने वरचं प्लास्टिक उभं चिरलं. आत तांब्याच्या तारा असायला हव्या होत्या. तिथे हिरवं पीठ होतं आणि त्यात दोन केसांएवढ्या तारा तग धरून होत्या.

"पंपही गेलाच होता, ते खोटं नाही. झिजलेले भाग तुला दाखवलेत मी," तो म्हणाला. "पण तुझ्या टॉवेलाने तो दोन वर्षं ढकलला आणि तेवढ्यात ही वायर खाऊन टाकली. इंजिन बंद झालं की झाकणाखाली उष्णता कोंडते. या दोन तारा तापल्या की सुटतात, गार झाल्या की टेकतात. म्हणून टॉवेल टाकलास की चालायची. रोज थोडी बरी करत होतास आणि रोज थोडी मारत होतास." मग जरा थांबून, "पंप बसवताना या वायरचं टोक हिरवट दिसलं होतं मला. खरवडलं आणि टोपी चढवली. आत बघायला हवं होतं. ती माझी चूक."

त्याने नवी वायर ओढली, टोकाला नवा पितळी चिमटा दाबला, टोपीत ग्रीस भरलं. सगळं मिळून वीस मिनिटं. बादलीतलं पाणी मामाने स्वतःच जाऊन गटारात ओतलं.

परतीच्या वाटेवर मिस्त्री म्हणाला, "ताईंना वायर गेली होती एवढंच सांगतो मी. बाकी कशाला?"

मामाने चौक पार होईपर्यंत विचार केला. "नको. मीच सांगतो. नाहीतर तिला वाटेल तुझाच पंप खराब होता."

ताईने सगळं ऐकून घेतलं. टाचणी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "एकवीस वर्षं लाँड्रीत काढलीस. ब्लीच पडलं तर कापडाचं काय होतं, हे तू माझ्या गिऱ्हाइकांना समजावून सांगतोस. आणि लोखंडाचं, तांब्याचं काय होईल, हे तुझ्या डोक्यात आलं नाही?"

"नाही आलं."

"मला सांगायचं होतंस, गाडीची भीती वाटते म्हणून."

"तू म्हणाली असतीस, काउंटरवर बस."

ताईने टाचणी खाली ठेवली. ती तसंच म्हणाली असती. "शनिवारी तो माणूस येणारच आहे," ती म्हणाली. "येऊ दे. त्याच्यासमोर बघू."

शनिवारी मामा फेरी पुरी करून पावणेअकराला आला, व्हॅन तापून लाल. ताईने ती अंगणात उन्हात उभी करायला लावली, चावी स्वतःकडे घेतली आणि सीटमागे हात घालून सगळं चाचपून पाहिलं. तिथे फक्त मळक्या चादरी होत्या. गाडी घ्यायला आलेला माणूस पाकीट घेऊन बाकावर बसला. ताईने त्याला चहा दिला, मग दुसरा दिला. अर्धा तास झाला. त्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं.

"ताई, कशाची वाट बघतोय आपण?"

"ती अडून बसायची."

मामा दारात उभा होता. इस्त्रीवाल्यांचे हातही थांबले होते. पस्तीस मिनिटांनी ताई स्वतः सीटवर चढली. तिला गाडी चालवता येत नव्हती, चावी मात्र फिरवता येत होती. मामाने गिअर न्यूट्रलला असल्याचं पाहून घेतलं आणि बाजूला झाला.

ताईने चावी फिरवली. व्हॅन उठली.

तिने बंद केली. पाच मिनिटं तशीच बसली, हात मांडीवर ठेवून. पुन्हा फिरवली. पुन्हा उठली.

"तुमचा चहा झाला असेल तर," ती त्या माणसाला म्हणाली, "तुम्हाला उगाच फेरा पडला. आमची गाडी चालते." मग मामाकडे वळून, उतरायला हात पुढे करत, "सोमवारी हॉस्पिटलला वीस चादरी जास्त आहेत. सव्वासहाला निघ."

मामाने तिला हात दिला.

वायर, चिमटा आणि ग्रीस मिळून मिस्त्रीने पंचेचाळीस रुपये सांगितले होते, मजुरी लावली नव्हती. त्या गुरुवारी मामाकडे सुटे नव्हते. ते पंचेचाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.